बुडबुडे नको असलेला साधू

काजूचा हंगाम आला की डिचोलीला आमच्या शापायच्या भट्टीवर बोंडांचा रस आंबायला ठेवतात. लहानपणी मी मडक्याला कान लावून तो फसफसताना ऐकायचे. म्हणूनच असेल, आमच्या मंडळात आवडत्या व्यक्तीवर बोलायची वेळ आली तेव्हा मी दों पेरिन्यों यांना निवडलं. शॅम्पेनचा शोध लावणारा आंधळा फ्रेंच साधू! टाळ्या मिळाल्या. नंतर नीट वाचायला बसले, तर कळलं की मी मुख्य गोष्टच चुकीची सांगितली होती. ही तिची दुरुस्ती.

पिएर पेरिन्यों १६३८ साली शांपान्य प्रांतातल्या सँत-मनू गावी जन्मले. तरुणपणीच ते बेनेडिक्टाइन संघात गेले. 'दों' ही त्या साधूंची आदराची पदवी. १६६८ मध्ये ओव्हिलेरच्या मठात त्यांच्याकडे कोठार, हिशेब, द्राक्षमळे आणि तळघर आलं. पुढची ४७ वर्षं, मरेपर्यंत, त्यांनी हेच सांभाळलं.

शांपान्यची थंडी कडक. वाईन आंबता आंबता हिवाळ्यात थांबते आणि वसंतात ऊब मिळाली की बाटलीतच पुन्हा आंबू लागते. त्यातून वायू तयार होतो. त्या काळच्या बाटल्या कच्च्या, त्या फुटायच्या. म्हणजे बुडबुडे हा दोष होता आणि दों पेरिन्यों तो टाळायच्या खटपटीत होते! मुद्दाम फेसाळ वाईन करायची रीत तर लंडनमध्ये क्रिस्टोफर मेरेट यांनी १६६२ मध्येच सांगितली होती.

मग त्यांचं मोठेपण कशात? वेली आखूड छाटायच्या, द्राक्षं सकाळच्या गारव्यात खुडायची, सालीचा रंग उतरू न देता काळ्या द्राक्षांची पांढरी वाईन काढायची. आणि वेगवेगळ्या मळ्यांची द्राक्षं पिळण्याआधीच अशी एकत्र करायची, की एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघावी.

१७१५ मध्ये ते वारले. पुढे राज्यक्रांतीत मठ बंद पडला. १८२१ मध्ये त्याच मठातल्या दों ग्रोसार या साधूने एका पत्रात फेसाळ वाईनचं श्रेय पेरिन्यों यांना दिलं. आंधळेपणाची गोष्टही अशीच मागाहून चिकटली. व्यापाऱ्यांना हे सगळं सोयीचंच होतं. आज त्यांच्या नावाची महागडी बाटली जगभर विकली जाते.

मला ग्रोसारचा राग येत नाही. उद्ध्वस्त झालेल्या आपल्या घराचं नाव राहावं, एवढंच त्यांना वाटलं असेल. पण त्या नादात ४७ वर्षांची मेहनत झाकली गेली आणि नको असलेले बुडबुडे तेवढे राहिले.

आमच्या शापायनेही कसला शोध लावलेला नाही. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात त्यांचं नाव कुठेच नाही. पण बोंड आपसूक गळून पडल्याशिवाय ते उचलू देत नाहीत, आणि सडकं एकही रसात जाऊ देत नाहीत.

पुढच्या सभेत मी पुन्हा दों पेरिन्यों यांच्यावरच बोलणार आहे. टाळ्या थोड्या कमी मिळतील, चालेल.