उमेदवार क्रमांक २३३

हेलन केलर म्हटले की शाळेच्या पुस्तकातला पाण्याचा पंप आठवतो. एका तळहातावर पाण्याची धार, दुसऱ्या तळहातावर बाई बोटांनी अक्षरे काढत आहेत, आणि पावणेसात वर्षांच्या मुलीला एकदम कळते की प्रत्येक वस्तूला नाव असते. ही गोष्ट १८८७ सालची. तिच्या आयुष्यातली दुसरी एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ती आहे कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची. दिव्यांग विद्यार्थ्याला परीक्षेत सवलत द्यायची म्हणजे नेमके काय द्यायचे, हा प्रश्न आजही पालकांना, प्राचार्यांना आणि प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या डॉक्टरांना पडतो. सव्वाशे वर्षांपूर्वी हेलनला तो प्रश्नपत्रिका हातात असताना पडला होता.

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कंबिया या गावी झाला. एकोणीस महिन्यांची असताना तिला जोराचा ताप आला. पोटात आणि मेंदूत रक्त साकळले, असे निदान त्या काळच्या डॉक्टरांनी केले. जंतूंविषयीचे ज्ञान तेव्हा नुकते कुठे आकार घेत होते. ताप उतरला, मूल वाचले म्हणून घरच्यांना आनंद झाला. पण दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेले होते. आजचे तज्ज्ञ तो आजार मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह असावा असे मानतात. मेनिंगोकोकस किंवा हिब या जंतूंवर मुख्य संशय आहे. यांपैकी हिबवरची लस आज आपल्याकडच्या पाच-रोगप्रतिबंधक पेंटाव्हॅलंट लसीत सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

१८८७ च्या मार्चमध्ये ॲन सुलिव्हन शिक्षिका म्हणून घरी आल्या. त्या स्वतः लहानपणी खुपऱ्यांनी जवळजवळ आंधळ्या झाल्या होत्या. शस्त्रक्रियांनंतर त्यांना बऱ्यापैकी दिसू लागले, तरी डोळे आयुष्यभर कमकुवतच राहिले. बोटांची लिपी तळहातावर काढून त्या हेलनशी बोलत. पुढे हेलन उठावाची अक्षरे वाचायला, ब्रेल लिहायला आणि टाइपरायटर चालवायला शिकली. कॉलेजात जायचे, आणि जायचे तर हार्वर्डला, हे तिने लहानपणीच ठरवले होते. हार्वर्ड मुलींना घेत नसे. मुलींसाठी शेजारी रॅडक्लिफ कॉलेज होते. त्याच्या तयारीसाठी १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये ती केंब्रिजमधल्या मुलींच्या एका शाळेत दाखल झाली.

या शाळेतल्या शिक्षकांनी अशी विद्यार्थिनी आधी कधी पाहिलेली नव्हती. सुलिव्हनबाई प्रत्येक तासाला शेजारी बसत आणि शिक्षक जे बोलतील ते हेलनच्या हातावर उतरवत. ऐकण्याचे काम हातच करत असल्यामुळे हेलनला वर्गात टिपणे घेता येत नसत. गृहपाठ घरी टाइपरायटरवर व्हायचा. पुस्तके वेळेवर ब्रेलमध्ये मिळत नसत. लंडन आणि फिलाडेल्फियातले हितचिंतक ती घाईने तयार करून घेत. शिक्षकांपैकी फक्त दोघांनी बोटांची लिपी शिकून घेतली: जर्मनच्या बाई आणि मुख्याध्यापक आर्थर गिलमन.

प्रवेश परीक्षेचा पहिला टप्पा १८९७ च्या जूनअखेरीस झाला. विषय जर्मन, फ्रेंच, लॅटिन, इंग्रजी आणि ग्रीस-रोमचा इतिहास. एकूण नऊ तासांचे पेपर. सकाळी नऊला हार्वर्डमध्ये प्रश्नपत्रिका वाटल्या जात आणि खास माणसाबरोबर रॅडक्लिफला पाठवल्या जात. उमेदवाराचे नाव उत्तरपत्रिकेवर नसे, फक्त क्रमांक असे. हेलनचा क्रमांक २३३ होता. अर्थात टाइप केलेली उत्तरपत्रिका कोणाची, हे सगळ्यांनाच कळणार होते. यंत्राच्या आवाजाने इतरांना त्रास होऊ नये म्हणून तिला वेगळी खोली दिली होती आणि कोणी मध्येच आत येऊ नये म्हणून दाराशी माणूस बसवला होता.

प्रश्नपत्रिका गिलमन यांनी तिच्या हातावर वाचून दाखवल्या. आधी पूर्ण पेपर, मग एकेक वाक्य. नीट समजले की नाही हे कळावे म्हणून ती ते मोठ्याने म्हणून दाखवी. लिहून झाले की तिनेच टाइप केलेले ते तिच्या हातावर परत उतरवत आणि ती सांगेल ती दुरुस्ती कागदावर करत. डोळस विद्यार्थी शेवटच्या दहा मिनिटांत आपला पेपर वरून खालपर्यंत चाळतो, तेवढीच ही सोय होती. ती सर्व विषयांत उत्तीर्ण झाली. जर्मन आणि इंग्रजीत विशेष गुण मिळाले.

दुसऱ्या वर्षी शाळेत गणिताचे विषय आले आणि अडचणी वाढल्या. फळ्यावरची भूमितीची आकृती तिला कळणार कशी? सरळ आणि वाकवलेल्या तारा उशीवर टोचून तिने आकृत्या बनवल्या. कोणत्या कोपऱ्याला कोणते अक्षर, गृहीत काय, सिद्ध काय करायचे, हे सगळे डोक्यात ठेवायचे. त्यातच तिच्यावर अभ्यासाचा भार फार होतो आहे असे गिलमन यांना वाटले. सुलिव्हनबाईंना ते पटले नाही. वाद वाढला आणि हेलनच्या आईने तिला शाळेतून काढले. पुढचा अभ्यास मर्टन कीथ या शिक्षकांनी घरी करून घेतला. एकच विद्यार्थिनी आणि तिच्या गतीने जाणारा शिक्षक असला की बीजगणितसुद्धा सोपे होते, हे या काळात दिसले.

अंतिम परीक्षा २९ आणि ३० जून १८९९ रोजी झाली. या वेळी कॉलेजने सुलिव्हनबाईंना पेपर वाचून दाखवायला मनाई केली. परीक्षा घेणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर यात गैर काही नाही. रोज शिकवणारी व्यक्ती परीक्षेच्या खोलीत हातात हात घेऊन बसणार म्हटले तर कोणीही दोनदा विचार करील. हेलनला तर संशयाची ओळख जुनीच होती. अकराव्या वर्षी तिने लिहिलेली एक गोष्ट छापून आल्यावर आधी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका गोष्टीशी फारच जुळते असे निघाले. तेव्हा बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत आठ जणांच्या समितीने तिची उलटतपासणी घेतली होती. त्या दिवशीही सुलिव्हनबाईंना खोलीबाहेर पाठवले होते.

मनाई केली, तर पर्यायही द्यायला हवा. तो कॉलेजने दिला. पर्किन्स संस्थेतले शिक्षक यूजीन व्हायनिंग यांनी प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये उतरवून द्यायच्या असे ठरले. कागदावर ही व्यवस्था निर्दोष होती. पण व्हायनिंग यांना बोटांची लिपी येत नव्हती. शंका आली तर ती ब्रेलमध्ये लिहूनच विचारावी लागणार होती. पर्यवेक्षकही अनोळखी होते आणि त्यांनी तिच्याशी संवाद साधण्याचा काहीच प्रयत्न केला नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. त्या काळी अमेरिकेत ठिपक्यांच्या तीन लिप्या चालत: इंग्लिश ब्रेल, अमेरिकन ब्रेल आणि न्यूयॉर्क पॉइंट. हेलनला तिन्ही वाचता येत, त्यामुळे भाषांच्या पेपरना अडले नाही. मात्र गणिताची चिन्हे तिन्हींत निरनिराळी होती आणि बीजगणित ती फक्त इंग्लिश ब्रेलमध्ये शिकली होती. परीक्षेच्या दोन दिवस आधी व्हायनिंग यांनी हार्वर्डचा एक जुना बीजगणिताचा पेपर नमुन्यादाखल पाठवला. चिन्हे अमेरिकन होती. तिने लगेच पत्र लिहून खुलासा मागितला. उलट टपाली दुसरा पेपर आणि चिन्हांचा तक्ता आला. पेपरच्या आदल्या रात्री ती आणि कीथ अवघड उदाहरणे घेऊन बसले होते, तेव्हाही साधा कंस, महिरपी कंस आणि वर्गमुळाचे चिन्ह यांची तिची गल्लत होत होती. दोघांचाही धीर सुटत चालला होता. सकाळी परीक्षेआधी थोडे लवकर जाऊन तिने व्हायनिंग यांच्याकडून चिन्हे पुन्हा समजावून घेतली.

भूमितीत प्रमेये वाचतानाही गोंधळ झाला, कारण ती तिने आजवर उठावाच्या अक्षरांत वाचली होती किंवा हातावर ऐकली होती. बीजगणितात तर प्रत्येक उदाहरण पुन्हा पुन्हा चाचपावे लागले. टाइप केलेले दिसत नव्हते आणि या वेळी ते परत वाचून दाखवणारेही कोणी नव्हते. तरीही ती उत्तीर्ण झाली. तिने कॉलेजला दोष दिला नाही. आपण किती अडचणी उभ्या करतो आहोत याची त्यांना कल्पनाच नसावी, असे तिचे मत होते.

यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता. ब्रेल हवी म्हटल्यावर ब्रेल दिली. कोणती ब्रेल वाचतेस, एवढेच विचारायचे राहिले. आजही वैद्यकीय मंडळ चाळीस टक्के, साठ टक्के असा आकडा लिहून देते; त्या आकड्यावरून विद्यार्थ्याला मोठा टाइप हवा, ब्रेल हवी की लेखनिक, हे कळत नाही. मुलगा किंवा मुलगी काय वापरते ते तिलाच विचारावे लागते, आणि तिनेही कॉलेजला आधी लेखी कळवावे लागते.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर केंद्र सरकारने २०१८ मध्ये परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ, प्रश्नपत्रिकेचे माध्यम निवडण्याची मुभा, आणि परीक्षा मंडळाने दिलेला लेखनिक असेल तर त्याला दोन दिवस आधी भेटून पारखून घेण्याची संधी, असे त्यांत होते. या दोन दिवसांची किंमत हेलनला चांगलीच कळली असती. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितले, की चाळीस टक्क्यांची अट नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. नियम त्यानंतरही बदलत आले आहेत, म्हणून दर वर्षीचे परिपत्रक वाचणे बरे.

आणखी एका वर्षाच्या तयारीनंतर १९०० मध्ये हेलन रॅडक्लिफमध्ये दाखल झाली. फीचा भार उद्योगपती हेन्री रॉजर्स यांनी उचलला. ओळख करून देणारे होते लेखक मार्क ट्वेन. चार वर्षे सुलिव्हनबाई वर्गात शेजारी बसल्या आणि घरी कमकुवत डोळ्यांनी पुस्तके वाचून हातावर उतरवत राहिल्या. वर्गात शब्द हातातून इतक्या वेगाने जात की जपून ठेवायला वेळच नसे. आठवेल तेवढे हेलन घरी येऊन टिपून ठेवी. १९०४ मध्ये ती विशेष गुणवत्तेसह बी.ए. झाली. ही पदवी मिळवणारी ती पहिली अंध-बधिर व्यक्ती. त्याच व्याख्यानांना शब्दन् शब्द बसलेल्या सुलिव्हनबाईंना अर्थातच कुठली पदवी मिळाली नाही.

ठिपक्यांच्या लिप्यांचे भांडण पुढे बरीच वर्षे चालले. इंग्रजी ब्रेलबाबत ब्रिटन आणि अमेरिकेत १९३२ मध्ये एकमत झाले. मराठीसह भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ च्या सुमारास ठरली. सुलिव्हनबाई १९३६ मध्ये वारल्या. त्यांच्यामागे हेलन बत्तीस वर्षे जगली, अंधांच्या शिक्षणासाठी देशोदेशी हिंडली, १९५५ मध्ये भारतातही येऊन गेली. त्याच वर्षी तिच्या पंच्याहत्तरीत हार्वर्डने तिला सन्माननीय पदवी दिली. हार्वर्डची अशी पदवी मिळालेली ती पहिली स्त्री होती.