वाल्डेमार हाफकिन

इ. स. १८९६ चा पावसाळा सरत आला होता. मुंबईत मांडवी बंदराजवळील दाट वस्तीत, धान्याच्या वखारींच्या परिसरात, लोकांना एकाएकी तीव्र ताप येऊ लागला. काखेत किंवा जांघेत गाठ उठे, रोगी बरळू लागे आणि थोड्याच दिवसांत त्याचा अंत होई. डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी सप्टेंबर महिन्यात हा रोग ओळखला. तो प्लेग होता. चीनमधून हाँगकाँगमार्गे जगभर पसरत चाललेली साथ आपल्या दाराशी येऊन ठेपली होती. माणसे घरेदारे टाकून गावाकडे धावू लागली, बाजार ओस पडले आणि स्मशानांत रात्रंदिवस चिता जळू लागल्या.

या संकटात सरकारने कलकत्त्याहून एका शास्त्रज्ञास तातडीने मुंबईस पाचारण केले. त्यांचे वय अवघे ३६ वर्षांचे होते. ते इंग्रज नव्हते. वैद्यकाची पदवीही त्यांच्याजवळ नव्हती. ते प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी असलेल्या ओडेसा या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज युक्रेन देशात आहे. त्या वेळी तेथे रशियाच्या झारचे राज्य होते. झारच्या राज्यात ज्यू लोकांचा फार छळ होई. ओडेसा येथे ज्यूंच्या घरांवर जमाव चालून आला, तेव्हा तरुण हाफकिन आपल्या बांधवांच्या रक्षणासाठी पुढे सरसावले. त्यात ते जखमी झाले आणि त्यांना तुरुंगही पाहावा लागला. विद्यापीठात इल्या मेचनिकॉव्ह या थोर प्राणिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी शिक्षण पूर्ण केले. परंतु ज्यू धर्म सोडल्यावाचून प्राध्यापकाची जागा मिळणार नाही, असे त्यांना कळून चुकले. धर्म सोडण्यास त्यांनी नकार दिला. मग १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला. काही काळ जिनेव्हा येथे काढून पुढील वर्षी ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तेथे त्यांना जागा मिळाली ती ग्रंथालयातील साहाय्यकाची! दिवसा पुस्तके लावावीत आणि उरलेला वेळ जंतूंच्या अभ्यासात घालवावा, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या काळी पटकी, म्हणजे कॉलरा, हा रोग युरोपात आणि आशियात लक्षावधी बळी घेत असे. हाफकिन यांनी या रोगाच्या जंतूंपासून लस तयार केली. तिच्या दोन मात्रा होत्या. पहिल्या मात्रेत दुर्बल केलेले जंतू असत. शरीराला शत्रूची तोंडओळख झाली, की काही दिवसांनी अधिक तीव्र जंतूंची दुसरी मात्रा द्यावयाची, म्हणजे शरीराची तयारी पक्की होई. आज आपण लसीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेविषयी ऐकतो, तेव्हा त्यामागेही शरीराला जुन्या शत्रूची पुन्हा आठवण करून देण्याचाच हेतू असतो. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला आणि ओसरला. मग काही मित्रांनीही ती घेतली.

परंतु लस निरुपद्रवी आहे, एवढे कळून भागत नाही. साथीत ती माणसाला वाचविते काय, हा खरा प्रश्न होता. रशियाने त्यांना आपल्याकडे प्रयोग करण्याची अनुमती दिली नाही. शेवटी हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या साहाय्याने त्यांना हिंदुस्थानात येण्याची परवानगी मिळाली आणि १८९३ मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले. परवानगीस एक अट होती. लस कोणावरही सक्तीने टोचावयाची नाही. ही अट हाफकिन यांच्या मनासारखीच होती.

उत्तर हिंदुस्थानातील लष्करी छावण्या, आसामातील चहाचे मळे, कलकत्त्याच्या दाटीवाटीच्या वस्त्या असा त्यांचा प्रवास चालू झाला. लोकांना शंका येई. परका माणूस हातात सुई घेऊन दारात उभा राहिला, तर कोणाला भीती वाटणार नाही? काही ठिकाणी त्यांच्यावर दगडही आले. तेव्हा त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी लोकांच्या देखत स्वतःला लस टोचून घेतली आणि हळूहळू माणसे पुढे येऊ लागली. सुमारे अडीच वर्षांत चाळीस हजारांहून अधिक लोकांनी ती घेतली. घेतलेल्यांत किती आजारी पडले आणि न घेतलेल्यांत किती, याची नोंद हाफकिन बारकाईने ठेवीत. मात्र मलेरियाने ते स्वतः पुरते खंगले आणि उपचारासाठी त्यांना युरोपात जावे लागले. तेथून परतल्यावर थोड्याच काळात त्यांना मुंबईचे बोलावणे आले.

मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच सरंजाम मिळाला. तेवढ्यावर त्यांनी काम आरंभिले. मांसाचा रस काढून तो बाटल्यांत भरावयाचा, वर तुपाचे काही थेंब सोडावयाचे आणि त्यात प्लेगचे जंतू वाढवावयाचे, अशी त्यांची युक्ती होती. तुपाच्या तवंगाखाली जंतूंचे धागे छताच्या जळमटांसारखे लोंबू लागत. बाटली हलविली की ते तळाशी जात आणि वर नवे धागे धरत. काही आठवड्यांनी बाटल्या तापवून सारे जंतू मारले जात, आणि दुसरा जंतू शिरू नये म्हणून त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालीत. मेलेला जंतू रोग उत्पन्न करीत नाही, पण शरीराला सावध करतो. तीन महिने हाफकिन अहोरात्र राबले. त्यांच्या मदतनिसांपैकी काहींना हा ताण सोसवला नाही.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नवी लस स्वतःला टोचून घेतली. नेहमी देण्याच्या मात्रेहून ही मात्रा कितीतरी मोठी होती. अंगात ताप भरला, दंड ठणकू लागला. पण ते सुखरूप राहिले. याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. ज्यांनी लस घेतली नव्हती, त्यांच्यात रोगाने अधिक बळी घेतले.

तिकडे सरकार साथ आवरण्यासाठी दुसऱ्याच मार्गाने चालले होते. १८९७ मध्ये पुण्यात सोजीर घराघरांत शिरून झडती घेत, रोग्यांना ओढून नेत, सामानसुमान जाळीत. त्या जुलमाने लोक संतप्त झाले आणि जूनमध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. अशा वातावरणात सरकारी माणसाच्या हातातील सुईवर लोकांनी विश्वास ठेवावा, ही अपेक्षा सोपी नव्हती. तरीही माणसे हाफकिन यांच्याकडे येत राहिली, याचे कारण त्यांनी कोणाचा हात बळेच धरला नाही हे असावे. आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतली, आपल्या अनुयायांना ती घेण्यास सांगितले आणि माझगाव येथील आपला बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. पुढे १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली.

१८९८ मध्ये बडोद्याजवळ उंढेरा नावाच्या गावी एक मोठी परीक्षा झाली. तेथे प्लेग पसरला होता. हाफकिन यांनी प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना दिली नाही. म्हणजे एकाच छपराखाली, एकच अन्न खाणाऱ्या माणसांत फरक पाहता येणार होता. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ दगावले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी तीन. हे आकडे वाचताना मन अस्वस्थ होते, कारण त्या २६ मध्ये कोणाची आई होती, कोणाचा भाऊ होता. परंतु असा पुरावा नसता, तर लस खरी की खोटी हे कोणी कशावरून ठरविले असते?

सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगानेही सर्व नोंदी तपासल्या. हाफकिन यांच्या काही पद्धतींवर त्याने टीका केली, पण लस उपयोगी आहे हे मान्य केले. ती पूर्ण संरक्षण देत नसे आणि तिचा प्रभाव फार काळ टिकत नसे. म्हणून साथ पुन्हा आली की लसही पुन्हा टोचून घ्यावी लागे.

येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. हाफकिन यांनी स्वतःला लस टोचून घेतल्यास बरोबर १२५ वर्षे झाली, त्याच दिवशी, म्हणजे १० जानेवारी २०२२ रोजी, कोरोनाच्या साथीत भारत सरकारने खबरदारीची तिसरी मात्रा देण्यास प्रारंभ केला. आरोग्यसेवक, साथीशी झुंजणारे कर्मचारी आणि व्याधिग्रस्त वृद्ध यांना ती प्रथम मिळाली. आपल्या काळात नव्या लसीला प्रयोगांच्या अनेक पायऱ्या चढाव्या लागतात, तज्ज्ञांच्या समितीपुढे जावे लागते आणि औषध महानियंत्रकांची संमती घ्यावी लागते. हाफकिन यांच्या काळी अशी व्यवस्था नव्हती. अनुमती देणे आणि काढून घेणे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर असे. याचा कटू अनुभव त्यांना लवकरच आला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांतील १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सारे मरण पावले. त्या १९ जणांना एकाच बाटलीतील लस दिली होती. इतर बाटल्यांतील लस घेतलेले सुखरूप होते. सरकारने चौकशी समिती नेमली. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे मुंबईतच, ती दूषित झाली असावी, असा समितीने निष्कर्ष काढला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते इंग्लंडला निघून गेले.

मात्र समितीपुढेच एक गोष्ट आली होती. मुलकोवाल येथे बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे सर्वांस ठाऊक होते. ते मुंबईतच बाटलीत शिरले असते, तर उघडताना तिला दुर्गंधी आली असती. तशी दुर्गंधी कोणालाच जाणवली नव्हती. एवढा मोठा आरोप आणि त्याचा पाया इतका कच्चा! हाफकिन यांनी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, पुरावे मांडले. अखेर मलेरियाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस त्यांच्या साहाय्यास आले. जुलै १९०७ मध्ये रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात हाफकिन यांच्या निर्दोषत्वाविषयी पत्र प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने त्यांच्यावरील ठपका दूर केला.

त्यांची पाच वर्षे वाया गेली होती. प्लेग तर या काळात देशभर पसरतच होता; या साथीने हिंदुस्थानात एकंदर सुमारे एक कोटी बळी घेतले. हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांच्या हाती परत आली नाही. त्यांना कलकत्त्यास पाठविण्यात आले आणि तेथेही मनाजोगे प्रयोग करण्याची मुभा मिळाली नाही. वयाची पंचावन्न वर्षे होत आली, तेव्हा ते निवृत्त होऊन युरोपात परतले.

लसीचे काम मात्र परळमध्ये अखंड चालू होते. १९२५ पर्यंत तेथून अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या होत्या. त्याच वर्षी मुंबईच्या प्रयोगशाळेस हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. ही वार्ता त्यांना युरोपात कळली. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी स्वित्झर्लंडमधील लोझान या गावी एकाकी घालविली. त्यांनी विवाह केला नव्हता. जवळची पुंजी त्यांनी ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी देऊन टाकली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. भारत सरकारने १९६४ मध्ये त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले.