ताराबाई मोडक : शाळा घेऊन पाड्यावर गेलेली शिक्षिका

पालघर जिल्ह्यात गुंतवणुकीचा विषय निघाला की प्रथम तारापूर आणि बोईसर ही नावे येतात. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे बोईसरच्या परिसरात औद्योगिक वसाहत विस्तारली आणि रोजगारासाठी दूरदूरची माणसे येथे आली. मात्र याच रेल्वेमार्गाने बोईसर, वाणगाव, डहाणू रोड ही स्थानके ओलांडून घोलवडला उतरले, की बोर्डी आणि कोसबाडचा परिसर लागतो. अणुवीज केंद्राच्या २४ वर्षे आधी तेथे एका शिक्षिकेने आपले उर्वरित आयुष्य आदिवासी मुलांसाठी गुंतवले होते. त्या म्हणजे ताराबाई मोडक. बोईसरच्या चाळींपासून जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांपर्यंत रोज सकाळी भरणाऱ्या अंगणवाडीचे मूळ त्यांच्याच कार्यात आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घरातील वातावरण प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी विचारांचे होते. मुलींचे शिक्षण अपवादात्मक असण्याच्या त्या काळात, १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णाजी विनायक मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये पती-पत्नी विभक्त झाले आणि लहान मुलीची जबाबदारी घेऊन ताराबाई स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले. मान, वेतन आणि स्थैर्य असलेली ही नोकरी होती.

ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत सुरू केलेल्या बालगृहाच्या प्रयोगाने गिजुभाई प्रभावित झाले होते. लहान मूल शिक्षेच्या धाकाने शिकत नाही. हाताने वस्तू हाताळत, स्वतःच्या गतीने ते शिकते, हा विचार भारतीय मातीत रुजवण्याचा त्यांचा प्रयत्न होता. ताराबाई त्या कार्यात त्यांच्या बरोबरीच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षणपत्रिकेच्या माध्यमातून पालक आणि शिक्षकांपर्यंत हा विचार पोहोचू लागला. १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे शिशुविहार उभे राहिले.

शिशुविहार नावारूपाला आले. तथापि एक प्रश्न शिल्लक होता. मॉन्टेसरी पद्धतीची साधने महागडी. ती बाळगणारे बालमंदिर शहरात, आणि तेथे येणारी मुले बहुधा शुल्क भरू शकणाऱ्या घरांतील. मग ज्याच्या घरी दोन वेळच्या अन्नाची भ्रांत आहे, त्या मुलाचे काय? बालशिक्षण ही सुखवस्तूंची चैन ठरणार असेल, तर वीस वर्षांचे परिश्रम अपुरेच राहणार होते. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ताराबाई १९४५ च्या अखेरीस बोर्डीला आल्या. तेव्हा त्यांचे वय ५३ वर्षांचे होते.

बोर्डीत आचार्य भिसे यांच्या शैक्षणिक कार्याने भूमी तयार झाली होती. आजूबाजूच्या पाड्यांवर मात्र वेठबिगारी आणि सावकारीने वारली समाज पिचलेला होता. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे गोदावरी परुळेकर यांच्या उपस्थितीत वारल्यांची सभा होऊन वेठीविरुद्धचा ऐतिहासिक लढा पेटला होता. अशा परिस्थितीत चार वर्षांच्या मुलाच्या खेळाचा आणि गाण्यांचा विचार करणे अनेकांना अप्रस्तुत वाटले असल्यास नवल नाही. ताराबाईंना मात्र तो तातडीचा वाटला.

या कामात त्यांना अनुताई वाघ यांची साथ लाभली. १९१० मध्ये मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताईंना कोवळ्या वयातच वैधव्य आले होते. शिक्षिका होऊन त्यांनी चांदवड आणि पुणे येथे अध्यापन केले. १९४५ मध्ये बोरिवली येथील ग्रामसेविकांच्या प्रशिक्षण शिबिरात दोघींची गाठ पडली आणि अनुताई पुण्याची नोकरी सोडून बोर्डीला आल्या. तेथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू झाले.

बालवाडी सुरू झाली, पण पाड्यावरची मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी साधा निर्णय घेतला : मुले शाळेत येत नसतील, तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे. सेविका वस्तीत जात. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे येथून दिवसाची सुरुवात होई. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. हीच अंगणवाडी. परदेशी बनावटीच्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, माती आणि बांबू यांनी घेतली. मोजणी, वर्गीकरण, रंग आणि आकार यांची ओळख त्यांतूनच होऊ लागली. त्यामुळे खर्च घटला. शिवाय मुलाला आपल्या परिसरातील वस्तूच शिकण्याची साधने म्हणून मिळाल्या.

१९५७ च्या सुमारास हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर स्थलांतरित झाले. ताराबाईंनी वयाची पासष्टी गाठली होती. येथे विकासवाडीचा प्रयोग आकाराला आला. आदिवासी घरात आई-वडील मजुरीला गेले की धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम थोरल्या मुलीकडे येई आणि तिची शाळा सुटे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवण्यात आली. तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण वर्गात, अशी ही व्यवस्था होती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर गेली आणि तिला कुरणशाळा हे नाव मिळाले. मुले शाळेत का येत नाहीत, याचा दोष पालकांच्या माथी न मारता त्यांच्या दिनक्रमाप्रमाणे शाळेची वेळ, जागा आणि रचना बदलणे हे या कार्याचे सूत्र होते.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण किताबाने गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातील ३३ प्रकल्पांद्वारे एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ मध्ये आपल्या निधनापर्यंत चालविले.

पालघर हा स्वतंत्र जिल्हा २०१४ मध्ये अस्तित्वात आला. कारखाने आणि वसाहतींनी त्याचा चेहरामोहरा बदलला असला, तरी पोटासाठी आई-वडिलांबरोबर स्थलांतर करणारे मूल आणि भावंडाला कडेवर घेऊन घरी थांबणारी मुलगी येथे अजूनही दिसते. त्या मुलीची शाळा सुटू नये म्हणून कोणती व्यवस्था करावी लागते, हे ताराबाईंनी कोसबाडला प्रत्यक्ष करून दाखविले होते. आपल्या पाड्यातील वा चाळीतील अंगणवाडीकडे पाहताना ते ध्यानात ठेवले, तर त्यांच्या कार्याचे स्मरण सार्थकी लागेल.