वामनदादा कर्डक : शाळा न शिकलेल्या माणसाने आंबेडकरी विचार घरोघरी कसा पोहोचवला?

दर 20 मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर गर्दी लोटते. पोलादपूरपासून, रत्नागिरीपासून, पार विदर्भातूनही लोक येतात. अशा मेळाव्यांत, भीमजयंतीच्या मिरवणुकांत वामनदादा कर्डकांची गाणी हमखास कानावर पडतात. गाणं तोंडपाठ असतं, पण ते कुणी लिहिलं हे अनेकांना ठाऊक नसतं.

वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावचा. 1927 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा वामन जेमतेम साडेचार वर्षांचा होता. घरात गरिबी, त्यामुळे शाळा नशिबी आली नाही. पुढे तो मुंबईला आला आणि मिळेल ती मजुरी करू लागला.

एकदा कुणीतरी त्याच्याकडे पत्र वाचायला आणलं. वाचता येईना. ती लाज मनाला इतकी लागली, की मोठेपणी त्याने एका मास्तरांकडून बाराखडी गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत सराव केला.

1943 मध्ये त्यांनी पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर. लोकांच्या ओठांवर चाल आधीच होती, शब्द तेवढे नवे मिळाले. म्हणूनच गाणं पटकन पाठ व्हायचं. ज्यांना पुस्तक किंवा वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं, त्यांना समता, शिक्षण, संघटना यांचा अर्थ या गाण्यांतून कळला. वामनदादा गावोगाव फिरून स्वतः गात. बाबासाहेबांच्या 1956 मधल्या महापरिनिर्वाणानंतरही त्यांनी हे काम थांबवलं नाही.

1959 च्या 'सांगत्ये ऐका' चित्रपटासाठीही त्यांनी गीत लिहिलं. 'वाटचाल', 'मोहळ' असे त्यांचे संग्रह निघाले. 1993 मध्ये वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. ज्याला कधीकाळी पत्र वाचता आलं नव्हतं, तो साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला!

पैसा मात्र त्यांच्या गाठीला फारसा लागला नाही. 15 मे 2004 रोजी त्यांचं निधन झालं. आज कितीतरी गायक त्यांची गाणी गातात, तरुण मुलं ती रील्सवर टाकतात. पुढच्या वेळी असं गाणं शेअर कराल, तेव्हा खाली वामनदादांचं नावही लिहा.