पोटाच्या कॅन्सरचं पहिलं यशस्वी ऑपरेशन करणारे बिलरोथ आपलं अपयशही छापायचे

२९ जानेवारी १८८१. व्हिएन्नामध्ये ४३ वर्षांची एक बाई ऑपरेशनच्या टेबलावर होती. कित्येक आठवडे तिच्या पोटात अन्न टिकत नव्हतं. जठरातून अन्न आतड्यात उतरतं, नेमकं त्याच जागी कॅन्सरची गाठ वाढली होती. काही केलं नाही तर उपासमारीनं मरण ठरलेलं, आणि ऑपरेशन करावं तर अशा ऑपरेशनमधून तोवर कुणी वाचलेलं नव्हतं.

ऑपरेशन करणारे सर्जन होते थिओडोर बिलरोथ.

बिलरोथ यांचा जन्म १८२९ चा, बाल्टिक समुद्रातल्या र्‍युगेन बेटावरचा. वडील पाद्री होते. थिओडोर पाच वर्षांचे असतानाच ते गेले. मुलाचा जीव संगीतात रमायचा, पण घरच्यांच्या सांगण्यावरून तो डॉक्टरकीकडे वळला. पुढं बर्लिनमध्ये लांगेनबेक या नावाजलेल्या सर्जनच्या हाताखाली तयार झाला. संगीत मात्र सुटलं नाही. संगीतकार ब्राह्म्स त्यांचे जिवलग मित्र बनले आणि त्यांनी आपल्या दोन रचना बिलरोथ यांना अर्पण केल्या.

१८६० मध्ये बिलरोथ झुरिकला प्राध्यापक झाले. त्या काळी सर्जन आपली गाजलेली ऑपरेशन्स छापायचे आणि दगावलेल्या पेशंटबद्दल गप्प बसायचे. बिलरोथ यांनी झुरिकमधल्या कामाचा अहवाल छापला तेव्हा त्यात किती पेशंट वाचले आणि किती गेले, दोन्ही दिलं. घरी गेलेल्या पेशंटचं पुढं काय झालं, याचाही ते माग ठेवायचे.

१८६७ मध्ये ते व्हिएन्नाला आले. पोटाच्या कॅन्सरला त्यांनी थेट हात घातला नाही. त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले. जठराचा तुकडा कापून उरलेला भाग जोडला, तर प्राणी जगू शकतो हे दिसलं. मेलेल्या पेशंटच्या तपासणीच्या नोंदी चाळल्या, तेव्हा बऱ्याच जणांचा कॅन्सर जठराबाहेर गेलेलाच नव्हता असं आढळलं. म्हणजे वेळेत कापला असता, तर आशा होती.

त्याआधी फ्रान्सचे पेआँ आणि पोलंडचे रिडिगिअर यांनी हे ऑपरेशन करून पाहिलं होतं. दोघांचेही पेशंट वाचले नाहीत. बिलरोथ यांनी गाठीचा भाग काढला, उरलेलं जठर लहान आतड्याच्या सुरुवातीला रेशमी टाक्यांनी जोडलं. साधारण दीड तास लागला. बाई शुद्धीवर आली, खाऊपिऊ लागली, घरी गेली. ही जोडणी आज ‘बिलरोथ एक’ म्हणून ओळखली जाते. १८८५ मध्ये त्यांनी जोडणीची दुसरी पद्धत वापरली, ती ‘बिलरोथ दोन’.

पण गोष्ट इथं संपत नाही. सुमारे चार महिन्यांनी ती बाई गेली. टाके उत्तम भरले होते, पण कॅन्सर पोटात इतरत्र पसरला होता. ऑपरेशन यशस्वी होणं आणि आजार बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पहिल्याच यशानं दाखवून दिलं.

बिलरोथ १८९४ मध्ये एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या ओपातिया गावी वारले. तेव्हा आजच्यासारखी एंडोस्कोपी नव्हती. गाठ हाताला लागेपर्यंत किंवा अन्न अडेपर्यंत निदान व्हायचं नाही.

ती अडचण पुढं सुटली. १९६२ मध्ये जपानी डॉक्टरांनी ‘सुरुवातीचा कॅन्सर’ कशाला म्हणायचं ते ठरवलं: जो जठराच्या आतल्या अस्तराच्या किंवा त्याच्या लगेच खालच्या थरापलीकडे गेलेला नाही, तो. या टप्प्यावर जठराचा भाग आणि आसपासच्या लसिका ग्रंथी काढल्या, तर शंभरातले नव्वदहून जास्त पेशंट पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. अगदी वरवरची, लहान गाठ असेल तर पोट न फाडता दुर्बिणीतूनच काढता येते. ग्रंथींमध्ये पसरल्यावर मात्र ही आशा झपाट्यानं कमी होते.

अडचण एवढीच, की सुरुवातीला हा आजार फारसा दुखत नाही. म्हणून आठवडेच्या आठवडे न जाणारं अपचन, कारण नसताना घटणारं वजन, काळी शौच यांना ॲसिडिटी समजून गोळ्या घेत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं. व्हिएन्नातल्या त्या बाईला कसबी सर्जन मिळाला होता, पण वेळ हातातून गेली होती.