उजळाईवाडीच्या माळावरचा राजा

परवा हैदराबादहून येणाऱ्या नातीला आणायला उजळाईवाडीच्या विमानतळावर गेलो होतो. परतताना तिने विचारले, "आजोबा, या विमानतळाला राजाराम महाराजांचे म्हणतात, ते शिवाजी महाराजांचे चिरंजीव ना?" मी गाडीच्या गडबडीत हो म्हणून गेलो. रात्री मात्र झोप येईना. जन्म कोल्हापुरात गेला आणि नातीला चुकीचे सांगितले!

कोल्हापुरात राजाराम या नावाचा घोटाळा नेहमीचाच. थोरल्या महाराजांचे चिरंजीव एक. दुसरे १८७० मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला ऐन विशीत वारले, त्यांच्या नावाने राजाराम कॉलेज आहे. विमानतळाचे राजाराम तिसरे, राजर्षी शाहू महाराजांचे थोरले चिरंजीव.

त्यांचा जन्म ३१ जुलै १८९७ चा. शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले, पुढे अलाहाबादला शेतीशास्त्र शिकले. १९१८ मध्ये धाकटे बंधू शिवाजी शिकारीतल्या अपघातात गेले आणि ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजही गेले. चोविसाव्या वर्षी राजाराम महाराज गादीवर आले. एवढ्या मोठ्या बापाच्या मागून येणे सोपे नसते. लोक प्रत्येक गोष्टीत थोरल्यांशी तुलना करतात. आजही आपण शाहू महाराजांचे नाव घेतो आणि मुलाला विसरतो, तसा मीही विसरलोच होतो.

पण कोल्हापूरकरांनो, जरा आजूबाजूला पाहा. राजारामपुरी त्यांच्या नावाची. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस त्यांच्या काळातला. १९३१ मध्ये त्यांनी संस्थानचे हायकोर्ट स्थापन केले. १९३३ मध्ये 'प्रभात' पुण्याला गेली, तेव्हा चित्रपटाचा धंदा गावातून उठू नये म्हणून दरबाराच्या पाठबळावर कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली.

आणि मग विमानतळ. शाहू महाराजांच्या लहानपणी, १८९१ मध्ये, कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली होती. पण ती गाडी लहान रुळांची. मुंबईला जायचे तर पुण्याला उतरून मोठ्या रुळांची गाडी धरायची. सामानसुमान, पोरेबाळे घेऊन सारा खटाटोप! अशा काळात शहराबाहेरच्या माळावर विमान उतरवायचे महाराजांनी मनावर घेतले आणि जानेवारी १९३९ मध्ये विमानतळ सुरू झाला. जिथे बैलगाडीची चाकोरी सरावाची, तिथे विमान उतरले.

दैवाने मात्र पुढे साथ दिली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात महायुद्ध पेटले आणि २६ नोव्हेंबर १९४० रोजी, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, महाराज गेले. त्यांना पुत्र नव्हता. दत्तक आलेले बाल छत्रपती १९४६ मध्ये वारले. देवासहून आलेले शहाजी महाराज १९४७ मध्ये गादीवर बसले आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. हायकोर्ट बंद झाले. ज्याने विमानतळाचा हट्ट धरला तो राजा नाही आणि ज्या दरबाराने पैसा घातला तो दरबारही नाही, मग त्या माळाला वाली कोण?

पुढची कथा आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. नवी धावपट्टी झाली, विमाने सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. एकदा आमच्या सौभाग्यवतींना मुंबईच्या डॉक्टरांकडे न्यायचे होते, तर आयत्या वेळी विमान रद्द. रात्रभर बसमध्ये तिचे डोके मांडीवर घेऊन गेलो. त्या रात्री मी विमानतळाच्या नावाने बोटे मोडली होती, हे कबूल करतो. २०१८ मध्ये 'उडान' योजनेत सेवा पुन्हा सुरू झाली, धावपट्टी १,३७० मीटरवरून १,९३० मीटरवर गेली, रात्री उतरण्याची सोय झाली आणि १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही कोल्हापुरात आले. महाराजांनी सुरू केलेल्या दोन्ही गोष्टी गावाला परत मिळायला इतकी वर्षे लागली.

सकाळी नातीला चहाबरोबर हे सारे सांगितले आणि कालची चूक कबूल केली. ती हसली, म्हणाली, "म्हणजे त्यांनी स्वतः फार दिवस विमाने पाहिलीच नाहीत?" खरेच, जेमतेम दोन वर्षे. परत जाताना तिने त्या माळाकडे वळून पाहिले. मीही पाहिले.