भावंडांना सांभाळायला पैसे हवे होते, म्हणून या लेफ्टनंटने सीमेन्स कंपनी काढली

मुंबईच्या लोकलने रोज प्रवास करणाऱ्या माणसाला सीमेन्सची गाडी कोणती हे सांगावं लागत नाही. २००७ पासून रुळांवर आलेल्या पांढऱ्या-जांभळ्या लोकल, त्यांच्यातली विजेची यंत्रणा सीमेन्सची. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कळव्याला याच कंपनीचा मोठा कारखाना आहे. गुजरातमध्ये दाहोदला रेल्वेसाठी ९००० हॉर्सपॉवरची इंजिनं बनवण्याचं कामही याच कंपनीकडे आहे. वीजनिर्मितीची यंत्रं बनवणारा भाग २०२० मध्ये सीमेन्स एनर्जी म्हणून वेगळा झाला, पण मूळ घर एकच.

गंमत म्हणजे हे घर ज्याने उभं केलं, त्याला सुरुवातीला ना रेल्वे चालवायची होती ना वीज तयार करायची होती. त्याला पैसे हवे होते आणि तेही धाकट्या भावंडांसाठी.

त्याचं नाव वर्नर सीमेन्स. जन्म १३ डिसेंबर १८१६, जर्मनीतल्या हॅनोव्हरजवळच्या लेंथं गावात. बाप ख्रिस्तियान फर्डिनंड हा दुसऱ्याची मोठी जमीन खंडाने घेऊन कसणारा शेतकरी. घरात एकूण चौदा मुलं जन्मली, त्यातला वर्नर चौथा. शिकलेलं घर होतं, पण हातात पैसा नव्हता.

पोराला इंजिनिअर व्हायचं होतं. बर्लिनच्या बांधकाम अकादमीत शिकण्याचा खर्च घराला झेपणारा नव्हता. मग एक मार्ग निघाला. प्रशियाच्या सैन्यात भरती व्हायचं, म्हणजे गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचं शिक्षण सरकारी खर्चाने मिळतं. १८३४ मध्ये शाळा अर्धवट सोडून वर्नर सैन्यात गेला आणि १८३५ ते १८३८ अशी तीन वर्षं बर्लिनच्या तोफखाना आणि इंजिनिअरिंग शाळेत शिकला. त्याचं औपचारिक शिक्षण एवढंच.

१८३९ मध्ये आई गेली. १८४० च्या जानेवारीत वडील गेले. वर्नर तेव्हा तेवीस वर्षांचा, पगार तोफखान्याच्या लेफ्टनंटचा आणि मागे धाकट्या भावंडांची रांग. काही नातेवाइकांकडे गेली, पण भावांच्या शिक्षणाची जबाबदारी वर्नरने घेतली. लेफ्टनंटच्या पगारात हे भागणार नव्हतं. मग उरलेल्या वेळात काहीतरी शोधायचं आणि ते विकायचं, असं त्याने ठरवलं.

इथे तुरुंगाचा किस्सा येतो.

दोन अधिकाऱ्यांच्या द्वंद्वयुद्धात वर्नर एकाचा साक्षीदार म्हणून उभा राहिला. द्वंद्वयुद्ध बेकायदेशीर होतं. प्रकरण बाहेर आलं आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. माग्डेबुर्गच्या किल्ल्यात रवानगी झाली. दुसरा कुणी असता तर दिवस मोजत बसला असता. वर्नरने बाहेरून रसायनं आणि तारा मिळवल्या आणि कोठडीतच प्रयोगशाळा मांडली. विजेच्या साहाय्याने धातूवर सोन्याचा मुलामा चढवायचा प्रयोग तो करत होता. जर्मन सिल्व्हरचा एक चमचा त्याने असा सोनेरी करून दाखवला आणि माग्डेबुर्गच्या एका सराफाने ती पद्धत विकतही घेतली.

थोड्याच दिवसांत राजाची माफी आली. वर्नरची पंचाईत झाली, कारण बाहेर पडलं तर एवढी छान जागा आणि एवढा मोकळा वेळ कुठे मिळणार? त्याने अजून काही दिवस आतच राहू द्या असा अर्ज केला. राजाच्या दयेचा हा अपमान आहे असं किल्लेदाराला वाटलं आणि वर्नरला रातोरात बाहेर काढण्यात आलं. १८४२ मध्ये या मुलाम्याच्या पद्धतीचं पेटंट त्याच्या नावावर झालं. पुढच्या वर्षी धाकटा भाऊ विल्हेल्म जेमतेम इंग्रजी बोलत इंग्लंडला गेला आणि बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीला ती विकून आला. घराला पहिला मोठा पैसा मिळाला तो असा.

वर्नर शोधणार आणि भाऊ परदेशात जाऊन विकणार, ही सीमेन्स घराण्याची पद्धत तिथून सुरू झाली.

त्या काळात तार म्हणजेच टेलिग्राफ हा सगळ्यात नवा धंदा होता. वर्नरने अक्षरावर थांबणाऱ्या काट्याचं यंत्र तयार केलं. पाठवणाऱ्याने एका अक्षरावर थांबवलं की पलीकडचा काटाही त्याच अक्षरावर थांबणार, म्हणजे सांकेतिक लिपी शिकायची गरज नाही. पहिला नमुना त्याने सिगारच्या खोक्याची लाकडं, पत्रा, लोखंडाचे तुकडे आणि तांब्याची तार यांतून जुळवला. तो नीट बनवून द्यायला हात हवे होते योहान गिओर्ग हाल्स्क या कारागिराचे. भांडवल दिलं वर्नरच्या चुलतभावाने, ६८४२ थालर. १८४७ च्या ऑक्टोबरमध्ये बर्लिनच्या शोनेबर्गर रस्त्यावर एका इमारतीच्या मागच्या बाजूला दहा कामगार घेऊन सीमेन्स आणि हाल्स्क हा कारखाना सुरू झाला.

वर्नर अजून सैन्याच्या नोकरीतच होता. पहिलं मोठं काम लगेच मिळालं, बर्लिन ते फ्रँकफर्ट अशी सुमारे ५०० किलोमीटरची तार. मार्च १८४९ मध्ये फ्रँकफर्टच्या राष्ट्रीय सभेने प्रशियाच्या राजाला जर्मनीचा सम्राट म्हणून निवडलं, ती बातमी या तारेने तासाभरात बर्लिनला पोहोचली. राजाने मुकुट नाकारला हा भाग वेगळा, पण तारेचं काम सिद्ध झालं. त्याच वर्षी वर्नरने सैन्याला रामराम ठोकला.

आणि दोन वर्षांत कंपनी बुडायची वेळ आली.

सरकारने पैसे वाचवायला तारा जमिनीत उथळ पुरल्या होत्या, वरून संरक्षक आवरणही नव्हतं. उंदरांनी त्या कुरतडल्या, तारा बंद पडायला लागल्या. दोष सीमेन्सच्या मालावर आला. वर्नरने १८५१ मध्ये पुस्तिका छापून नेमकी चूक कुठे आहे ते जाहीरपणे मांडलं. सरकारी खात्याला हे झोंबलं आणि ऑर्डर बंद झाल्या. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर अवलंबून राहिलं की काय होतं ते कारखान्याला कळलं.

वाट सापडली रशियात. १८५३ मध्ये धाकटा भाऊ कार्ल सेंट पीटर्सबर्गला जाऊन बसला. क्रिमियाचं युद्ध पेटलं होतं, झारला तार तातडीने हवी होती. दोन-तीन वर्षांत फिनलंडपासून क्रिमियापर्यंत सुमारे १० हजार किलोमीटरचं जाळं उभं राहिलं. वर त्याच्या देखभालीचं कंत्राटही मिळालं, म्हणजे दरवर्षीची बांधलेली कमाई. विल्हेल्म लंडनला, कार्ल पीटर्सबर्गला, वर्नर बर्लिनला. आजच्या भाषेत ही बहुराष्ट्रीय कंपनी झाली होती, पण खरं तर ते एक पसरलेलं एकत्र कुटुंब होतं.

याच काळात हिंदुस्थानचा संबंध आला. १८५७ च्या उठावाच्या बातम्या लंडनला पोहोचायला कित्येक आठवडे लागले होते. त्यामुळे इंग्रजांना थेट तार हवी होती. तांबड्या समुद्रातून एडनमार्गे कराचीपर्यंत केबल टाकायचं काम एका इंग्रज कंपनीने घेतलं आणि विजेच्या चाचण्यांसाठी वर्नरला बोलावलं. १८५९ मध्ये इजिप्तला गेल्यावर गडी चेऑप्सच्या पिरॅमिडवर चढला. वर वाळूचा वारा सुटला होता आणि हवेत वीज भरल्याचं त्याच्या लक्षात आलं. त्याने दारूची बाटली ओल्या कागदात गुंडाळून वीज साठवणारं भांडं बनवलं. वाटाड्यांना हे जादूटोण्यासारखं वाटलं, ते या पाहुण्यांना खाली हाकलायला आले, तेव्हा वर्नरने त्यांच्या म्होरक्याच्या नाकाला बाटली लावली. बसलेल्या झटक्याने प्रश्न मिटला. परतीच्या प्रवासात त्याचं जहाज तांबड्या समुद्रात खडकावर आदळलं आणि प्रवाशांना काही दिवस प्रवाळाच्या उघड्या बेटावर काढावे लागले. एवढं करून ती केबल थोड्याच काळात निकामी झाली.

म्हणून सीमेन्स बंधूंनी जमिनीवरून जायचं ठरवलं. लंडन, बर्लिन, वॉर्सा, ओडेसा, तिफ्लिस, तेहरान आणि तिथून इंग्रजांच्या तारेने कराची, कलकत्ता. सुमारे ११ हजार किलोमीटर. इराणच्या बाजूची बोलणी करणारा भाऊ वॉल्टर १८६८ मध्ये तिफ्लिसला घोड्यावरून पडून गेला. १२ एप्रिल १८७० ला या मार्गाने लंडनहून निघालेला संदेश २८ मिनिटांत कलकत्त्याला पोहोचला. ही लाइन १९३१ पर्यंत चालली.

इथवर वर्नर हा तारवाला होता. वीज म्हणजे बॅटरीतली, संदेशापुरती, थोडीशी. ती मोठ्या प्रमाणात आणि स्वस्तात तयार करायचा मार्ग कुणाकडे नव्हता. वीज बनवणारी यंत्रं होती, पण त्यांत पोलादाचे कायमचे चुंबक असत. ते कमजोर, महाग आणि कालांतराने त्यांचा जोर कमी व्हायचा.

१८६५ मध्ये त्याची बायको माथिल्ड क्षयाने गेली. चार मुलं, भागीदार हाल्स्कशी वाढत चाललेले मतभेद आणि समुद्री केबलच्या अपयशात बुडालेला पैसा. पुढच्या वर्षाच्या अखेरीस, पन्नाशीला टेकलेल्या वर्नरने आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध लावला.

कल्पना विरजणासारखी आहे. लोखंडात एकदा चुंबकत्व येऊन गेलं की त्याचा किंचित अंश मागे राहतो. चाक फिरवलं की त्या अंशामुळे थोडीशी वीज तयार होते. वर्नरने तीच वीज परत यंत्राच्या चुंबकाभोवतीच्या तारेत सोडली. चुंबक जरा तगडा झाला, म्हणून वीज वाढली, त्याने चुंबक आणखी तगडा झाला. चमचाभर विरजणाने अख्खं पातेलं लागावं तसं. कायमच्या चुंबकाची गरजच संपली. चाक वाफेने किंवा पाण्याने फिरवा आणि हवी तेवढी वीज घ्या. १७ जानेवारी १८६७ ला बर्लिनच्या विज्ञान अकादमीत याचा निबंध वाचला गेला. इंग्लंडमध्ये व्हीटस्टन आणि व्हार्ली हेही त्याच सुमारास त्याच जागी पोहोचले होते, हंगेरीच्या येदलिकला तर आधीच हे सुचलं होतं. पण याचं पुढे काय होऊ शकतं हे ओळखून त्यामागे कारखाना उभा करणारा माणूस वर्नर होता. त्याच वर्षाच्या शेवटी हाल्स्क कंपनीतून बाहेर पडला. त्याला नेटका, छोटा कारखाना हवा होता, एवढा पसारा नाही.

वीज भरपूर झाल्यावर ती वापरायची कुठे? एक उत्तर रुळांवर मिळालं.

३१ मे १८७९. बर्लिनच्या औद्योगिक प्रदर्शनात ३०० मीटरच्या गोलाकार रुळांवर एक खेळण्यासारखी गाडी सुरू झाली. छोटं इंजिन, त्यावर घोड्यावर बसल्यासारखा बसलेला चालक, मागे तीन डबे, बाकड्यांवर पाठीला पाठ लावून अठरा माणसं. वेग ताशी सुमारे ७ किलोमीटर, म्हणजे घाईत चालणारा माणूस जवळपास बरोबरीने जाईल. पण ना धूर, ना कोळसा, ना घोडा. वीज बाहेर तयार होऊन मधल्या लोखंडी पट्टीतून गाडीला मिळत होती. हे इंजिन मुळात कोळशाच्या खाणीसाठी बनवलेलं होतं. चार महिन्यांत ८० हजारांहून जास्त लोकांनी त्यातून चक्कर मारली. वीज बाहेरून घेऊन धावणाऱ्या आजच्या सगळ्या गाड्या, मुंबईच्या लोकलपासून मेट्रोपर्यंत, या जत्रेतल्या गाडीच्या वंशातल्या.

१८८१ मध्ये बर्लिनजवळ लिश्टरफेल्डला अडीच किलोमीटरची विजेची ट्राम सुरू झाली. तिची वीज थेट चाकाखालच्या दोन रुळांतून जायची, त्यामुळे रूळ ओलांडणाऱ्या घोड्यांना झटके बसायचे. मग तार डोक्यावर न्यायचे प्रयोग झाले.

वर्नरचं खरं स्वप्न मात्र बर्लिन शहरातली रेल्वे होतं. रस्त्यावर गर्दी, म्हणून खांबांवर लोखंडी पूल उभारून वरून विजेची गाडी न्यायची. १८८० मध्ये त्याने फ्रीडरिशस्ट्रास या गजबजलेल्या रस्त्यासाठी प्रस्ताव दिला. रहिवाशांनी विरोध केला. प्रवासी आमच्या खिडक्यांतून घरात डोकावणार, रस्त्याची शोभा जाणार, जागेच्या किमती पडणार. परवानगी नाकारली गेली. मेट्रोच्या खांबांवरून भांडणाऱ्या आपल्या शहरांना हे ओळखीचं वाटेल.

कामगारांसाठी त्याने १८७२ मध्ये पेन्शन फंड काढला, सरकारी कायदे येण्याच्या कितीतरी आधी. यात दयेपेक्षा हिशोब जास्त होता, शिकवलेला कारागीर सोडून जाऊ नये हा. त्याचाच एक हट्ट मात्र कंपनीला महागात पडला. बाहेरच्यांना शेअर विकायचे नाहीत, कंपनी घरातच राहिली पाहिजे. एमिल रातेनाऊच्या एईजी कंपनीने एडिसनचे दिवे आणि बँकांचे पैसे घेऊन वीज पुरवठ्याच्या धंद्यात झपाट्याने मुसंडी मारली, तेव्हा सीमेन्स मागे पडायला लागली. तरी म्हाताऱ्याने हट्ट सोडला नाही. भावंडांना एकत्र ठेवण्यासाठी सुरू झालेली गोष्ट बाजाराच्या हाती देणं त्याला जमलं नसावं.

१८८८ मध्ये सम्राटाने त्याला सरदारकी दिली, नावात फॉन आलं. १८९० मध्ये तो कारभारातून बाजूला झाला. आठवणी लिहिल्या, त्या १८९२ मध्ये छापून आल्या आणि लगेचच, ६ डिसेंबर १८९२ ला, शहात्तराव्या वाढदिवसाला आठवडा उरला असताना तो गेला.

कंपनी १८९७ मध्ये भागभांडवली (जॉइंट स्टॉक) कंपनी झाली. १८९६ मध्ये बुडापेस्टला युरोप खंडातली पहिली विजेची भुयारी रेल्वे सुरू झाली, ती सीमेन्स आणि हाल्स्कनेच बांधलेली. बर्लिनची खांबांवरची रेल्वेही शेवटी झाली, फ्रीडरिशस्ट्रासवरून नाही, दुसऱ्या मार्गाने. ती सुरू झाली फेब्रुवारी १९०२ मध्ये, वर्नर जाऊन नऊ वर्षं उलटल्यावर. तिचे काही खांब आणि पूल अजून तिथेच आहेत आणि त्यांवरून गाड्या धावतात.